मालनच्या वाटणीचं दूध

सिंहस्थाच्या पुरात रामकुंडात मगर आली आणि तिनं एका साधूचा चिमटा गिळला, ही माझी थाप. त्यानंतर मगर पोहायला लागली की पाण्याखालून चिमट्याचा आवाज यायचा, हेही मीच पसरवलं. पंचवटीतल्या निम्म्या लोकांनी ते मान डोलावत ऐकलं, आणि दोघा-तिघांनी तर आवाज स्वतः ऐकल्याचं मलाच येऊन सांगितलं. पण उंदराचं हृदय उंदरातून बाहेर काढून काचेच्या नळीला टांगलेलं, आणि उंदराचा पत्ता नसताना ते तिथं एकटंच धडधडत असलेलं मी पाहिलं, असं म्हणालो की हेच लोक म्हणतात, "तात्या, जरा झेपेल असं सांगा."

हे झेपणारं नाही, कबूल. पण ह्यात मगर नाही.

सिंहस्थ उरकून पंचवटी पुन्हा आपल्या भाजीबाजाराकडे वळली, त्या वर्षी माझ्या सायकल दुकानाच्या माडीवर मोतीराम भोये राहायला आला. हरसूलकडचा. त्याच्या पाड्यावर कॉलेजात गेलेला पहिला माणूस तो, आणि कॉलेजात मुलांना बेडूक फाडायला शिकवणाराही पहिलाच. सोबत बायको मालन, म्हातारी आई नवसाबाई, आणि मालनच्या मांडीवर नुकती जन्मलेली पोरगी. तिला सगळे ठकी म्हणायचे. सामानात दोन ट्रंका, एक पाळणा आणि पांढऱ्या उंदरांचे पिंजरे. पिंजरे ठेवायला माडीवर जागा नव्हती म्हणून ते माझ्या जिन्याखाली आले. गल्लीतल्या मांजरीनं पहिल्या दिवशी ते पाहिले आणि आनंदानं तिला चक्कर आली. ही थाप आहे, पण छोटी.

मोतीरामला पीएच.डी. करायची होती. त्यासाठी त्याला उंदराचं हृदय बाहेर काढून जिवंत ठेवावं लागे. कोमट, खारट पाणी नळीतून त्यात सोडायचं, त्या पाण्यात प्राणवायू सोडायचा. प्राणवायूचं सिलिंडर अंबडच्या एका वेल्डरकडून यायचं. ते मी एकदा सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणलं. उतारावर सिलिंडर पुढे होतं, सायकल मागे होती आणि मी सगळ्यात शेवटी.

"पण हे कशासाठी रे बाबा?" मी विचारलं.

तो जिन्याच्या पायरीवर बसला. त्याला कोणी विचारायचा अवकाश, की तो बसायचा.

"तात्या, हृदयाच्या एकेका पेशीत हजारो भट्ट्या असतात. मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना. दर ठोक्याला पेशीत कॅल्शियमची लाट येते. ती आली की स्नायू आवळतो. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण भट्ट्याही त्या लाटेतला थोडा घोट आत घेतात. त्यावरून त्यांना कळतं, की काम वाढलंय, जाळ वाढवा. लाट ओसरली की घेतलेलं बाहेर सोडून देतात."

"गिऱ्हाईक वाढलं की हलवाई लाकूड आत सारतो, तसं."

"अगदी तसं."

"आणि लाटेऐवजी पूर आला तर?"

त्यानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "तर त्या गिळत सुटतात. बाहेर फार साचू नये, पेशी वाचावी म्हणून. गिळता गिळता फुगतात आणि विझतात. मग सगळंच विझतं."

वरच्या पायरीवर मालन तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. "अहो, मग माझ्या भट्ट्या कशा आहेत?"

मालनला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. तो ताप गेला पण हृदयाची झडप अरुंद करून गेला. जिना चढली की ती मध्ये थांबून कठडा न्याहाळल्यासारखं करायची, म्हणजे दम लागलाय हे कोणाला कळू नये. बाळंतपण नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ठकी झाली, आणि दोघीही वाचल्या. तेव्हापासून मालनला हृदयासाठी डिजॉक्सिनची गोळी होती आणि पायावरची सूज उतरवायला आणखी एक.

"तुझ्या दमल्यात," मोतीराम म्हणाला. "झडप त्यांना जास्त राबवते. कशानं दमतात तेच तर शोधतोय मी."

"लवकर शोधा," ती म्हणाली. "ठकी रांगायला लागली की मला पळावं लागंल."

तिनं ते हसत म्हटलं. तोही हसला. पण त्या माणसाचं सगळं शिक्षण, उंदीर, सिलिंडर, ह्या एका वाक्याला बांधलेलं होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं आम्हाला प्रयोग पाहायला कॉलेजात नेलं. नवसाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. ठकी माझ्या कडेवर होती. आत काचेच्या नळीच्या टोकाला ते टांगलेलं होतं. टपोऱ्या करवंदाएवढं, आणि करवंदासारखंच काळपट लाल. टुकटुक, टुकटुक. खाली बशीत पाणी ठिबकत होतं.

"उंदीर कुठं हाय?" नवसाबाईनं विचारलं.

"उंदीर गेला, आई."

"आन् ह्याला सांगितलं नाय का कोणी?"

मोतीराम खूश झाला. माणूस खूश झाला की जरा जास्तच दाखवायला जातो. "आता बघा. ह्या पाण्यात कॅल्शियम आहे. म्हणजे आई, तुझ्या डबीतला चुना असतो ना, त्याच्यातलं सत्त्व. ते मी आता काढून घेतो." त्यानं एक तोटी बंद करून दुसरी उघडली. हृदय मंदावलं आणि थांबलं. नळीला नुसतं लोंबत राहिलं.

"मेलं?" मालननं विचारलं.

"नाही. उपाशी आहे." तो थोडा वेळ थांबला. "आता परत देतो." आणि त्यानं पहिली तोटी उघडली.

मला वाटलं, आता पुन्हा टुकटुक सुरू होणार. ठकीला मी तसं सांगितलंसुद्धा. पण ते हृदय मूठ आवळावी तसं आवळलं आणि तसंच राहिलं. रंग उतरून फिकं पडलं. बशीत ठिबकणारं पाणी लालसर व्हायला लागलं.

"बघितलंत?" मोतीराम म्हणाला. "उपाशी ठेवलेल्या हृदयात कॅल्शियम एकदम घुसतं. भट्ट्या गिळून गिळून फुटतात."

नवसाबाईनं तोंडाला पदर लावला. "चुना पडला न् मेलं."

"तसं नाही गं आई, आधी सगळं काढून घेतलं होतं म्हणून—" एवढ्यात त्याला घड्याळ दिसलं. ते हृदय ताजं असतानाच बर्फात ठेवून वाटावं लागायचं, नाहीतर भट्ट्या हाती लागत नसत. तो कात्री घेऊन आत पळाला. उरलेलं वाक्य बोलायचं राहिलं ते राहिलंच.

परत येताना नवसाबाई पुलावर थांबली. कनवटीची चुन्याची डबी काढली आणि गंगेत टाकली. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. त्यानंतर ती तंबाखू नुसतीच खायची, तोंड पोळलं तरी.

आणि मालनची नागली, म्हणजे नाचणी, बंद झाली. नागलीत दुधापेक्षा कॅल्शियम जास्त, हे मोतीरामनंच कधीतरी आईला अभिमानानं सांगितलं होतं. आपल्या पाड्याचं धान्य, शहरातल्यांना त्याची किंमत नाही, वगैरे. ते तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. सुनेच्या ताटात आता भात आणि कढण. तीळ नाही, सुकट नाही.

मालनसाठी मोतीरामनं म्हशीचं दूध लावलं होतं. अंगावर पिणारी पोर, तेव्हा तू दूध घेतलंच पाहिजेस, अशी त्याची ताकीद. एका सकाळी मी दुकान उघडलं तर मालन जिन्याखाली उकिडवी बसून ते दूध उंदरांच्या वाट्यांत ओतत होती.

"अगं, एवढे लाड? पुढच्या जन्मी उंदीर व्हायला अर्ज करतो मी."

ती दचकली, मग हसली. "पिऊ द्या तात्या. त्यांना कुठं फार दिवस काढायचेत? मला काढायचेत."

"आणि मोतीराम विचारेल तेव्हा?"

"त्यांना नका सांगू हं. हसतील मला. आत्याबाईंना आन् मला काय समजलं ते त्यांना कळलं तर अख्ख्या कॉलेजात सांगतील. पण मी डोळ्यांनी पाह्यलंय ना तात्या. तुम्ही पण व्हतात."

होतो खरा. त्या घरात सासू-सुनेचं एवढं एकमत मी प्रथमच पाहत होतो, आणि त्याचीही मी गल्लीत एक मजेदार गोष्ट करून सांगितली. मोतीराम पिंजऱ्याजवळ उभा राहून म्हणायचा, "तात्या, ह्या खेपेचे उंदीर बघा कसे तकतकीत आहेत. ह्यांची हृदयं पहिलवानाची असणार."

उन्हाळा लागला तसं मालनच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटांना. रात्री पायात गोळे. "चुना निघतोय अंगातून," नवसाबाई म्हणायची. "निघू दे. समदा निघाला की बरी व्हशील." आणि तिचे पाय स्वतः रगडत बसायची. एवढी माया करणारी सासू मी पंचवटीत दुसरी पाहिली नाही. ही थाप नाही.

ते घडलं ते ऐन दुपारी. खाली मी पंक्चर काढत होतो. वरून परात पडल्याचा आवाज आला, मग नवसाबाईची हाक. वर गेलो तर मालन भिंतीला टेकून बसलेली, हात पिठानं माखलेले, आणि दोन्ही हातांची बोटं चोचीसारखी एकत्र आवळलेली. सोडवू म्हटलं तरी सुटेनात. श्वास घेताना गळ्यातून शीळ येत होती. वॉल्वमधून हवा निसटते तशी. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलोय, माणसातून आलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

गल्लीच्या तोंडाशीच एक डॉक्टर होते. तिला हातगाडीवर घालून नेलं. कॉलेजात फोन लावला. डॉक्टरांनी बोटं पाहिली, गालावर टिचकी मारली, तर तिचा ओठ फुरफुरला.

"रक्तातलं कॅल्शियम उतरलंय," ते म्हणाले. "घाबरू नका. शिरेतून देतो, थोड्या वेळात बोटं सुटतील." त्यांनी काचेची कुपी फोडायला करवत घेतली, आणि दारात सायकल आपटली. मोतीराम.

त्यानं आधी मालनला पाहिलं, मग कुपीला. "काय देताय?"

"कॅल्शियम."

"ती डिजॉक्सिनवर आहे."

डॉक्टरांचा हात थांबला. "हे मला कोणी सांगितलं नाही. त्या गोळीवर कॅल्शियम एकदम गेलं तर हृदय थांबू शकतं. तरी हळू देता येईल. फार हळू. बोट नाडीवर ठेवून."

मोतीरामनं मान हलवली, होय म्हणाल्यासारखी. मला आजही वाटतं की तो होच म्हणणार होता. "पण कॅल्शियम उतरेल कसं?" तो म्हणाला. "रोज दूध घेते ती. नागली खाते."

तेव्हा नवसाबाई पुढे झाली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि थोडा अभिमानही. "काय खात नाय ती. म्या बंद केलंय समदं. तुझ्या नळीवर पाह्यलं तवापासून चुन्याचा कण दिला नाय तिला, मोत्या. दूध तुझे उंदीर पितात."

मोतीरामनं तिच्याकडे पाहिलं. मग मालनकडे. आणि मला दिसलं, की त्याला आता समोर बायको दिसत नव्हती. नळीला लोंबणारं दिसत होतं.

"उपाशी आहे," तो म्हणाला. "डॉक्टर, नको. ती उपाशी आहे. आता दिलंत तर दगड होईल."

"अहो, असं नसतं. बाजूला व्हा."

"तुम्ही पाहिलंय कधी? मी रोज पाहतो!" त्यानं डॉक्टरांचं मनगट धरलं. "पाणी लाल होतं खाली. मी रोज पाहतो."

"नाही दिलं तर गळा आवळेल तिचा. मालनबाई, ऐकताय ना? सुई देऊ?"

मालनला बोलता येत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. प्रयोगशाळेतला तो दिवस तिच्याही डोळ्यांसमोर असणार. तिनं मान हलवली. नको.

डॉक्टर तरुण होते. डिजॉक्सिनचं नाव ऐकल्यापासून त्यांचाही धीर सुटत चालला होता. नवरा-बायकोचा नकार आणि आपला अर्धा होकार, त्यांनी काय करावं? "मोठ्या दवाखान्यात न्या," ते म्हणाले. "पळा. तिथं हृदयाचा आलेख काढत काढत देतील." आणि ती न फोडलेली कुपी त्यांनी मोतीरामच्या खिशात टाकली, तिथं नसली तर असू द्या म्हणून.

रिक्षात मोतीराम तिला धरून बसला, मी पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. बाजाराची वेळ होती. पुलाच्या तोंडाशी कोथिंबिरीची हातगाडी उलटली होती आणि सगळे मिळून जुड्या वेचत होते. मी उतरून ओरडलो. लोक हसले. "आला तात्या, मगर आली वाटतं!" कोणीतरी म्हणालं. मी हात जोडले, शिव्या दिल्या, आणि त्यांना ते आणखी मजेचं वाटलं.

वाट मोकळी झाली तेव्हा मी परत रिक्षाकडे आलो. शीळ थांबली होती. मला वाटलं, बरं वाटलं असेल.

मोतीराम तिची बोटं एकेक करून उलगडत होता. आता ती सहज सुटत होती.

दहाव्यानंतर तो कॉलेजात गेला आणि उरलेल्या उंदरांवर प्रयोग करत बसला. मी डबा घेऊन जायचो. ह्या वेळी तो कॅल्शियम सगळं काढून घेत नव्हता. नुसतं कमी करायचा, मालनच्या रक्तात जितकं उरलं असेल असं त्याला वाटायचं तितकं. मग हळूहळू परत द्यायचा. मी बाकावर बसून पाहायचो, आणि मनात म्हणायचो, आवळ, बाबा, एकदा तरी आवळ, दगड हो.

टुकटुक, टुकटुक.

प्रत्येक वेळी. एकही हृदय मेलं नाही. पहिलवानाची हृदयं होती ती, तिच्या दुधावर पोसलेली.

"माणसाचं रक्त कधी नळीसारखं रिकामं होत नाही तात्या," तो म्हणाला. "हाडं देत राहतात. थोडं तरी असतंच. हे मला माहीत होतं. मी मुलांना शिकवतो हे."

मग त्यानं पाण्यात डिजॉक्सिन मिसळून पाहिलं. तेव्हा काही हृदयं अडखळली, एक बंद पडलं, बाकीची चालू राहिली. त्यानं मुंबईच्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, हळू दिलं असतं तर बहुधा वाचली असती. दुसऱ्या एकांना विचारलं. ते म्हणाले, डिजॉक्सिनवर होती ना, मग सुईवरच गेली असती. तो दोघांवरही विश्वास ठेवायचा, सकाळी एकावर, संध्याकाळी दुसऱ्यावर. शेवटचा उंदीर संपला तेव्हा त्यानं सिलिंडर वेल्डरला परत पाठवलं. अंबडला एका कारखान्यात नोकरी धरली. ती कुपी त्याच्या खिशात असायची. सदरा बदलला की ती ह्या खिशातून त्या खिशात जायची.

नवसाबाई ठकीला घेऊन हरसूलला गेली. पुढच्या उन्हाळ्यात लेकाला भेटायला आली, तेव्हा माझ्या दुकानात टेकली. ठकी चाकांच्या आऱ्यांत बोटं घालत फिरत होती. किडकिडीत पोर, पाय धनुष्यासारखे वाकलेले.

नवसाबाईनं तळहातावर तंबाखू मळली, नुसतीच. "तात्या, तू लय खोटं बोलतो."

"पोटापाण्याला नाही, हौसेनं बोलतो."

"मला एक सांग."

"काय सांगू?"

"सुई दिली असती तरी ती मेली असती, असं सांग."

आता हे माझं काम. मगर मी एका घोटात उभी केली होती. मी सुरुवात केली. "नवसाबाई, सुई नुसती टोचायचा अवकाश होता. कुपीतला चुना शिरेतून असा सुटला असता, घाटावरून पूर सुटतो तसा. भट्ट्यांना श्वास घ्यायला सवड मिळाली नसती. तिथल्या तिथं दगड. आणि फार वेदना झाल्या असत्या. झाल्या त्याहून फार. डॉक्टरसुद्धा मला नंतर म्हणाले, बरं झालं मोतीरामनं माझा हात धरला..."

माझा आवाज मलाच ऐकू येत होता. ती खाली मान घालून ऐकत होती.

"मगरीचं झकास सांगितलं व्हतंस," ती म्हणाली.

मी उठलो. चहा मागवला होता, त्याबरोबर पोरीला म्हणून कपभर दूध आणलं होतं. ते मी ठकीसमोर ठेवलं. तिनं दोन्ही हातांनी कप धरला, आणि नवसाबाईचा हात आला आणि कपावर पालथा पडला. ठकी तिच्या तोंडाकडे पाहायला लागली.

"देऊ का रे तात्या?" तिनं विचारलं.

"द्या. रोज द्या. नागलीही द्या. पाय बघा तिचे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे. "हे खरं, का आत्तासारखं?"

"खरं."

"आईची आन?"

"आईची आन."

"तू मगरीच्या वेळंलापण आईची आन घेतली व्हतीस," ती म्हणाली. हात तसाच कपावर. ठकी रडायला लागली, मग थकून थांबली. नवसाबाईच्या बोटांच्या फटींतून मला दिसत होतं, दुधावर साय धरत होती.